मान सैल, कान पाण्यात

सोमवार, ३ तारीख

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, “तुमच्या काळज्या यात लिहा. आमचे कान आता भरलेत.” लिहायची मला सवय नाही. चौथी झाली, पाचवी अर्धी झाली आणि वडिलांनी शिवणयंत्रासमोर बसवलं. तेव्हापासून हातात पेन्सिल धरली ती कापडावर खुणा करायलाच. पण हिचं म्हणणं मोडायची हिंमत लग्नातही नव्हती, आता कुठून येणार.

आज नातीच्या शाळेत पालकांची सभा होती. मुलगा कामावर, सूनबाई कामावर, म्हणून मी गेलो. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. ही छोट्यांची शाळा. इथून पुढे मोठ्या शाळेत जायचं. भिंगरी शेवटच्या वर्गात आहे.

काय ती शाळा! जिन्याच्या भिंतीवर मुलांनी गावाचा नकाशा काढलाय, त्यात आमच्या गल्लीतला वाकडा दिव्याचा खांबसुद्धा आहे. दुसरीच्या मुलांनी नुसत्या कागदाचा पूल केला होता. त्यावर एक जाडजूड गृहस्थ उभे राहिले आणि पूल मोडला नाही. ते व्यायामाचे सर होते हे मागाहून कळलं. त्या वयात आम्हाला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं.

मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, उलट्या वर्गाची माहिती दिली. ही या शाळेची जुनी पद्धत आहे. शेवटच्या वर्गातलं प्रत्येक मूल घरातलं एक मोठं माणूस निवडतं आणि त्याला एक गोष्ट शिकवतं. महिनाअखेर त्या माणसाने सगळ्या शाळेसमोर ती करून दाखवायची. जमली तर त्या मुलाचं नाव सभागृहातल्या लाकडी फळ्यावर रंगवतात, वर लिहिलेलं असतं, ‘शिक्षक’. नियम एकच. आपल्याला जे सगळ्यात उशिरा जमलं, तेच शिकवायचं. बाई म्हणाल्या, चटकन जमलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवता येत नाही.

भिंगरीने मला निवडलंय. आणि शिकवणार काय, तर पाण्यावर तरंगणं.

माझा बादलीपलीकडच्या पाण्याशी संबंध नाही. घरात मुलगा आहे, तो पट्टीचा पोहणारा आहे, त्याला घ्यायचं सोडून ही पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. या शाळेत ढालींची कपाटं भरलीत, पण कुठल्याच ढालीवर भिंगरीचं नाव नाही. वर्ष संपलं की ती इथून जाणार. म्हणजे हा एकच फळा उरला आणि तो माझ्या हातात. माझ्या हातात आता सुईसुद्धा नीट राहत नाही.

आणखी एक काळजी. पोहणं भिंगरीला उशिरा जमलं असं कसं म्हणता येईल? ती तर मासळी आहे. मी सगळ्या गल्लीत सांगतो. पोरीने नियम नीट ऐकलेला दिसत नाही. कुणाच्या लक्षात आलं तर?


मंगळवार, ४ तारीख

आज भिंगरी शिट्टी वाजवत शाळेत गेली. गेला सगळा हिवाळा मंगळवार उजाडला की तिचं पोट दुखायचं. अंथरुणातून उठायची नाही. मी कारण शोधून काढलं होतं. सोमवारी शाळेत सूप देतात. तेव्हा मी जाऊन तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींना चार शब्द सुनावूनही आलो होतो. हल्ली दुखत नाही. बोलल्याचा उपयोग होतो.

मंगळवारी शाळेच्या बंदिस्त तलावात तिच्या वर्गाचं पोहणं असतं, मी काचेपलीकडून बघतो. पोट दुखत असतानाही बिचारी चुकवायची नाही. हिच्याकडून गरम पाण्याची पिशवी भरून घ्यायची, पोटावर धरायची आणि जायची. अशी जिद्द.


बुधवार, ५ तारीख

पहिला धडा झाला. आमचे धडे दर बुधवारी शाळा सुटल्यावर.

पोहायची चड्डी मीच शिवली. विकतच्या चड्डीची शिवण मला बघवत नाही. पडद्याचं उरलेलं अस्तर होतं, ते वापरलं. पाण्यात उतरलो तर चड्डीत हवा भरून तिचा फुगा झाला आणि तिसरीतली मुलं खदखदून हसली. ती दोरीच्या पलीकडे सूर मारण्याचा सराव करत होती. एवढीएवढीशी पोरं, पण उडी मारताना पाय जुळवतात कसे, जणू इस्त्री केलेले.

पोहणं शिकवणारे सर कायम गळ्यात शिट्टी घालतात, म्हणून मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात. ते काठावर उभे होते. पण मला शिकवायला आले नाहीत. ते काम भिंगरीचं.

तिने मला पायरीवर बसवलं आणि नुसते बुडबुडे काढायला लावले. तोंड पाण्यात, फुर्र. पुन्हा तोंड पाण्यात, फुर्र. मी म्हटलं, एवढंच? तर म्हणाली, “एवढंच. पुढचं पुढच्या वेळी.” मी तिच्या वयाचा असताना माझे मास्तर एका तासात पाढे, कविता आणि छडी तिन्ही उरकायचे.

बाहेर मैदानात इतरांचे उलटे वर्ग चालले होते. एक चष्मेवाला मुलगा आपल्या आजीला सायकल शिकवत होता. आजी हँडल सोडून त्याचाच कान धरत होती. एक मुलगी तिच्या ट्रक चालवणाऱ्या मामाला विणकाम शिकवत होती. मामाच्या पंजात सुया दिसतही नव्हत्या. मी न राहवून टाका सांगायला गेलो, तर पोरगी म्हणाली, “आजोबा, तुम्ही दुसऱ्या वर्गातले.” बरोबर आहे तिचं.


शनिवार, ८ तारीख

घरी बादलीत सराव करतो. ही म्हणाली, “बादली मोकळी करा, फरशी पुसायचीय. समुद्र उद्या.”

बुडबुडे जमले. पण झोपेत तोंडावर पाणी येतंय असं वाटून दचकतो. भिंगरीला सांगितलं नाही. तिला भीती म्हणजे काय ते माहीत नाही, उगाच हसेल.


बुधवार, १२ तारीख

आज उताणं झोपायचं होतं. झोपलो नाही.

पाणी छातीइतकंच आहे. भिंगरी पायरीवर उभी, मी तिच्यापुढे. ती एक हात माझ्या मानेखाली धरते, दुसरा पाठीखाली, आणि मी फक्त मागे रेलायचं. पण पाठ पाण्याला लागली की माझी मान लाकडासारखी ताठ होते आणि पाय खाली शोधायला लागतात.

ती म्हणाली, “आबा, मान सैल. कान पाण्यात जाऊ द्या.”

मी म्हटलं, “कान पाण्यात गेले तर तू काय सांगतेस ते ऐकू कसं येणार?”

“नाहीच येत ऐकू. म्हणून तर मानेखाली हात असतो.”

पटलं. तरी मान काही सैल झाली नाही. मी तिला म्हटलं, तुझं बरं आहे, तू जन्माची मासळी. ती पाण्यावर बोटाने रेघा काढत राहिली. मासळी म्हटलं की ही पोर कधी काही बोलत नाही. कौतुक पचवायचा गुण आहे, आमच्या घरात दुसऱ्या कुणात नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. मी इतक्या वेळा फसलो, पण तिने एकदाही “सोपं आहे” असं म्हटलं नाही. बाकी सगळे म्हणतात. मुलगा म्हणतो, सूनबाई म्हणते, दूधवालासुद्धा म्हणाला.


शुक्रवार, १४ तारीख

शाळेने शर्यतीची ढाल जिंकली. चार मुलांनी एकामागून एक पोहायचं, अशी शर्यत. सात शाळा होत्या. आपली शेवटची मुलगी तिसऱ्या नंबरावर होती, तिने शेवटच्या टप्प्यात दोघींना मागे टाकलं. मी काठावरून एवढा ओरडलो की शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं.

भिंगरी त्या चौघांत नव्हती. ती टॉवेल घेऊन उभी होती आणि सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. मला वाईट वाटलं. मासळी काठावर आणि बाकीचे पाण्यात.

शर्यत संपल्यावर मी शिट्टीसरांना बाजूला घेतलं. आधी ढालीबद्दल अभिनंदन केलं, मग हळूच विषय काढला. म्हटलं, सर, उलट्या वर्गाच्या नियमाचं जरा सांभाळून घ्या. पोरीने मुद्दाम नाही केलं. पोहणं तिला पहिल्यापासून येतं, पण ती लहान आहे, तिला समजलं नसेल. सर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “आजोबा, ती नियमात बसते. तुम्ही मान तेवढी सैल सोडा.”

भला माणूस आहे, सांभाळून घेईल. पण अशी डोळेझाक करणं बरोबर नाही, म्हणून आणखी काळजी लागली.


सोमवार, १७ तारीख

मुलाशी बोललो. म्हटलं, मला ताप आला असं सांगू, तू जा माझ्या जागी, पहिले दोनतीन वेळा बुडाल्यासारखं कर आणि मग तरंग. फळ्यावर नाव लागेल, प्रश्न मिटला.

तो भांडी पुसत होता. म्हणाला, “अहो, मी आधीच विचारलं होतं तिला. मला घे म्हटलं. तर म्हणाली, बाबा, तुम्हाला भीतीच वाटत नाही, मग मी शिकवू काय?”

असं बोलून तो हसला, मीही हसलो. मुलांचे विनोद. पण मग ही आतून म्हणाली, “तुम्ही दोघं नुसते हसा. ऐकू नका.” काय ऐकायचं ते सांगितलं नाही. हिची जुनी खोड आहे.


मंगळवार, १८ तारीख

उपाय सापडला. इथे लिहितो, पण ही वही आता गादीखाली ठेवणार.

मी काहीच फेकून देत नाही, त्याबद्दल आयुष्यभर बोलणी खाल्ली. पत्र्याच्या डब्यात बाटल्यांची जुनी बुचं होती, खरी, झाडाच्या सालीची. दुपारी ही शेजारी गेल्यावर त्यांच्या पातळ चकत्या केल्या आणि चड्डीच्या कमरपट्टीत ओळीने शिवून टाकल्या. वरून दुहेरी टीप मारली. हात कापला, पण टीप सरळ गेली. बाहेरून कुणाला शंका येणार नाही. बूच पाण्यावर तरंगतं. बूच तरंगलं की चड्डी तरंगणार आणि चड्डीच्या आत मी आहेच.


बुधवार, १९ तारीख

माणूस तरंगतो छातीने, कमरेने नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मागे रेललो. क्षणभर वाटलं, जमलं. मग कमर फुग्यासारखी वर आली, पाय वर आले आणि डोकं खाली गेलं. भिंगरीच्या हातातून मान निसटली. नाकात पाणी, घशात पाणी, छतावरचे दिवे गोल फिरायला लागले. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मग दोन बारीक हातांनी माझी काखोटी धरली. शिट्टीसर काठावरून निघालेच होते, पण ते पोचेपर्यंत भिंगरीने मला पायरीवर टेकवलंही होतं.

मी खोकत होतो. तिचा हात माझ्या कमरेला होता आणि तो हात थांबला. तिने पट्टी दोन बोटांत धरून चाचपली. एक चकती, दुसरी चकती. सर विचारत होते, काय झालं. ती म्हणाली, “काही नाही सर, आबांचा पाय घसरला.” सर गेले.

मग ती अगदी हळू म्हणाली, “आबा, तुम्ही कॉपी केलीत.”

आयुष्यात पाचवी अर्धी राहिली, पण कॉपी केली नव्हती. या वयात केली आणि पकडणारी मास्तरीण माझ्या खांद्याएवढी. मी म्हटलं, तुझं नाव फळ्यावर लागावं म्हणून केलं गं. मला वाटलं आता रडणार. पण ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले.

“मी पण करायचे,” ती म्हणाली. “एक पाय खाली टेकवून ठेवायचा आणि नुसते हात मारायचे. लांबून पोहल्यासारखंच दिसतं. तुम्ही काचेपलीकडून बघायचात ना, तेव्हा तर नेहमीच.”

“मग?”

“मग एकदा तुम्ही आला नव्हतात. तेव्हा पाय उचलला.”

मला भरून आलं. मी खजील झालो ते बघून पोरीने उभ्याउभ्या गोष्ट रचली, आजोबाचं मन राखायला. एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं? त्या शाळेत शिकवत असतील. तिथे काय वाटेल ते शिकवतात.

बुचं उसवून टाका, एवढंच तिने सांगितलं.


रविवार, २३ तारीख

बुचं उसवली. सगळी टीप काढली. ही बघत होती. काय चाललंय ते विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं माहीत आहे.

दुपारी पलंगावर सराव केला. उताणा झोपून मान सैल सोडायची. ही येऊन बसली आणि माझ्या मानेखाली हात घातला. म्हणाली, “सोडा.” मी म्हटलं, सोडलीय. म्हणाली, “तुम्ही धरून ठेवलीय. लग्नापासून धरूनच ठेवलीय. सोडा आता, मी आहे.” हळूहळू मान सुटली. मग ती म्हणाली, “बघा, किती जड असतं तुमचं डोकं. आता कळलं.” आणि तरीही हात काढला नाही.


मंगळवार, २५ तारीख

सकाळी पोटात कळ आली. खरीच. उठवेना. मी सूप वगैरे काही घेतलं नव्हतं. ही म्हणाली, म्हातारपणी नाटकं. भिंगरी आत गेली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. माझ्या पोटावर ठेवली, वर पांघरूण घातलं. “मंगळवारी होतं असं,” ती म्हणाली. “पाण्यात शिरलं की कळतही नाही.”

आज सगळी शाळा जमली होती. आधी मैदानात कार्यक्रम झाले. चष्मेवाल्याच्या आजीने सायकलवरून पूर्ण फेरी मारली आणि थांबता येईना म्हणून आणखी एक मारली. ट्रकवाल्या मामाने विणलेला मफलर भाचीच्या गळ्यात घातला. मध्ये दोन टाके गळले होते, मी ते कुणाला सांगितलं नाही. एका मुलाने आपल्या आईला सगळ्यांसमोर शीळ घालायला शिकवलं होतं. ती बँकेत काम करते, चेहरा अगदी बँकेचा. तिने अशी शीळ घातली की पहिलीतली मुलं बाकांवर चढली.

मग सगळे तलावाच्या काठावर आले. माझं नाव पुकारलं. इतकी माणसं काठावर, आणि मी घरच्या चड्डीत.

भिंगरी पाण्यात उतरली. मी उतरलो. तिने मानेखाली हात धरला. मला वाटलं, काहीतरी बोलावं. म्हटलं, “सोडू नकोस हं.” ती म्हणाली, “तुम्ही सांगाल तेव्हाच सोडेन.” मी रेललो. कान पाण्यात गेले.

आणि आवाज संपले. सगळी शाळा होती, पण कुणी नव्हतं. वरती छताची लोखंडी पट्टी दिसत होती, तिच्यावर पाण्याचा उजेड हलत होता. माझ्याच श्वासाचा आवाज, शिवणयंत्र हळू चालवल्यासारखा. काळजी करायला एकही विषय सापडेना. मी शोधला. दोनतीन जुने आठवून बघितले, पण तेही ओले होऊन सुटले. मग मी म्हटलं, सोड. माझं मलाच ऐकू आलं नाही. तिला आलं असावं, कारण थोड्या वेळाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर ती दोन हात लांब उभी होती, दोन्ही हात पाण्याबाहेर, सगळ्यांना दिसतील असे.

टाळ्या मी ऐकल्याच नाहीत. उभा राहिल्यावर कानातून पाणी गेलं आणि त्या एकदम आल्या.

इथल्या पद्धतीप्रमाणे शेवटी मुलाने सांगायचं असतं की ही गोष्ट शिकायला स्वतःला किती दिवस लागले. भिंगरी काठावर उभी राहिली. भिंगरीसारखी अजिबात नाही, अगदी स्थिर. मोठ्याने म्हणाली, “मला पूर्ण वर्ष लागलं. वर्गात सगळ्यात शेवटी. माझ्या आबांना एक महिनासुद्धा नाही लागला.”

भर सभेत स्वतःकडे कमीपणा घेऊन म्हाताऱ्याला मोठं केलं. खोटं बोलू नये असं मी तिला सांगत आलोय, पण आज रागावता येईना. शिट्टीसर शिट्टी वाजवायची विसरून डोळे पुसत होते. क्लोरिन चढतं.

फळ्यावर नाव उद्या रंगवणार. रंगारी शाळेचाच एक माजी विद्यार्थी आहे, त्याचंही नाव त्याच फळ्यावर आहे.


मंगळवार, १ तारीख

आज भिंगरीला शाळेत सोडायला गेलो. फळा बघायचा होता. बघितला, नाव सरळ रेषेत आहे. इतक्या नावांत ते शोधायला मला क्षणही लागला नाही.

मग स्वयंपाकघरात डोकावलो. गेल्या हिवाळ्यात मावशींना बोललो होतो, आता निदान आभार तरी मानावेत. म्हटलं, मावशी, सोमवारचं सूप बदललंत, फार बरं केलंत, नातीचं मंगळवारचं पोट दुखणं गेलं. मावशींनी झारा खाली ठेवला. म्हणाल्या, “आजोबा, सूप तेच आहे. या शाळेत मी आले तेव्हापासून तेच. तुमच्यानंतर कुणी तक्रारही केली नाही.”

मी तिथेच उभा राहिलो. मावशी म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का, बसा. मी बसलो.

खिडकीतून तलावाच्या काचा दिसत होत्या. भिंगरीचा वर्ग ओळीने आत जात होता. खांद्यावर पोहण्याची पिशवी. मी याच काचेपलीकडे उभा राहून दर मंगळवारी हात हलवायचो आणि गल्लीत जाऊन सांगायचो.

तिला मी दिसलो. तिने हात हलवला नाही. हनुवटी वर करून दोन्ही कानांवर बोटं टेकवली, मान सैल, कान पाण्यात, आणि हसून आत गेली. मी आज काचेपाशी गेलो नाही.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, “कळलं? चला, उशिरा का होईना.” मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, “गरम पाण्याची पिशवी कोण भरत होतं?”

भिंगरीला मी काही बोलणार नाही. ती सगळ्यांदेखत एकदा खरं बोलली, ते पुरे.

मासळी म्हणणं मात्र आजपासून बंद.